खोक्यातला जुना फोन

माझे नाव व पत्ता सोबतच्या कागदावर लिहून दिला आहे. वय ४९ वर्षे, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, काम रुग्णालयाच्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर. घरी मी व पत्नी असे दोघेच. पत्नी शेजारणीबरोबर आली असून चौकीत दाराबाहेर बाकावर बसली आहे. विचारल्यावरून समक्ष सांगतो ते असे.

आज दुपारी फोन दुरुस्ती केंद्राच्या मागच्या दाराशी मी एका खोक्यावर बसलो व उठवूनही उठलो नाही, ही मॅनेजरांची तक्रार खरी आहे. खोके गाडीत चढवायचे होते. त्यात माझा जुना फोन आहे. मी कोणाला मारले नाही, शिवी दिली नाही. हमाल म्हणाला, "काका, उठा हो, माझ्या पोटावर कशाला बसताय?" मी त्याला हात जोडले, पण उठलो नाही.

आमच्या घरी एकच फोन. पत्नीला लिहिता येत नाही. मी सकाळी आंघोळीला गेलो की ती माझ्या फोनमध्ये बाजाराचे सामान बोलून ठेवी. शेजारणीकडून फोन केला तरी लाँड्रीत यंत्रांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून ही पद्धत तिनेच काढली. सुटी झाली की गेटबाहेर उभा राहून मी ते ऐकत असे. सामान थोडे आणि बोलणी जास्त. एकात आहे, "सुई आणा, पांढरा दोरा आणा, आणि स्वतःला आणा वेळेवर. कालच्यासारखं गप्पा ठोकत बसू नका, बरं का." असे पुष्कळ होते. मी एकही पुसले नव्हते. का, ते सांगता येत नाही.

गेल्या वर्षी पत्नीस अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे परत आले, वाचा आली नाही. तिला सगळे समजते, शब्द तोंडाशी येऊन थांबतो. रुग्णालयातल्या वाचा शिकवणाऱ्या बाई थकून म्हणाल्या, "मी शब्द म्हणते, पण माझ्यामागे त्या बोलत नाहीत. त्यांचाच आवाज कुठे असेल तर ऐकवून बघा." मी फोनमधले ऐकवले. तिने फोन कानाशी धरला आणि ओठ हलले. मग रोज सकाळी देवाला नमस्कार झाला की आम्ही ते लावत असू. ती स्वतःच्याच मागे बोलू लागली. आधी नुसते 'बरं का' यायचे. पुढे 'सुई' आले.

लाँड्रीत वाफ फार असते. म्हणून मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घट्ट गाठ मारून बंडीच्या आतल्या खिशात ठेवत असे. बाकीचे लोक फोन कपाटात ठेवतात. मला तो अंगावेगळा करवत नव्हता. एके दिवशी पाळी संपल्यावर गाठ सोडली तर फोन बंद. तो पुन्हा लागला नाही.

केंद्रात काउंटरवरच्या बाईंनी सिम घालतात त्या फटीत उजेड पाडून पाहिले व म्हणाल्या, "काका, पाणी गेलंय. वॉरंटीत बसणार नाही." आत एक बारीक ठिपका असतो, तो कोरडा असेपर्यंत पांढरा, ओल लागली की लाल होतो आणि पुन्हा पांढरा होत नाही, असे त्यांनी समजावले. फोन कधी पाण्यात पडला नाही, हे मी देवाला स्मरून सांगितले. ठिपका लाल होता, हेही मी स्वतः पाहिले.

आतून कारागीर बाहेर आले. ते माझ्याच वयाचे असून केंद्रात सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. माझ्या हातातली पिशवी पाहून ते म्हणाले, "अहो, हिच्यात तुमच्या अंगाचीच वाफ कोंडली. उघडा ठेवला असता तर कदाचित टिकला असता." त्यावर मी रडलो, असे काउंटरवरच्या बाई सांगतात. मला आठवत नाही. बायको आजारी आहे, फोनवाचून चालायचं नाही, एवढेच मी बोललो. आवाजाचे बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बोलावणे आले. डॉक्टरांनी सीलबंद डबा पुढे ठेवला. "ठिपका पांढराच निघाला. काल नीट दिसलं नसेल. घ्या, नवा कोरा." देवाने ऐकले असे मला वाटले. मी सही केली. जुन्यातले सिम नव्यात घालतात तसे आतले बाकी सगळेही नव्यात येत असेल, अशी माझी समजूत होती.

पत्नी सकाळची तयार होऊन बसली होती. तिने नवा फोन कानाशी धरला. बराच वेळ धरला. मग माझ्या हातात परत दिला. त्या दिवसापासून 'बरं का' सुद्धा नाही.

मी आज केंद्रात परत गेलो व डॉक्टरांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला फोन हवाय." मी म्हणालो, "मला फोन नको होता हो." ते स्टुलावर बसले. जुना फोन उघडून, साफ करून, सुकवला तर एखादे वेळी चालू होईल व आवाज काढून घेता येईल, खात्री नाही, असे ते म्हणाले. परंतु बदलून घेतलेले फोन खोक्यातून कंपनीकडे जातात व तिथे तोडतात.

मॅनेजर म्हणाले, "तो फोन आता तुमचा नाही, माझाही नाही. खोकं सील झालंय." तेव्हा मी सांगितले की ठिपका लाल होता, मला नवा फोन चुकीने मिळाला आहे, तो घ्या आणि माझा द्या.

"मग पांढरा कुणी केला?"

डॉक्टर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "मी. दुसरा चिकटवला." मॅनेजरांनी त्यांना तिथल्या तिथे एप्रन काढून ठेवायला सांगितले. माझ्या बोलण्याने त्यांची नोकरी जाईल हे मला कळायला हवे होते. कळले असते तरी मी बोललो असतो, असे मला वाटते. हेही लिहून घ्यावे. त्यानंतर मी मागच्या दाराशी जाऊन खोक्यावर बसलो. तिथून हवालदारांनी मला खोक्यासकट इथे चौकीत आणले.

डॉक्टरांनी माझ्याकडून काही घेतले नाही. नवा फोन मी इथे साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे. गुन्हा नोंदला तर खोके पुरावा म्हणून इथे राहील, नाहीतर गाडी उद्या नेईल, असे हवालदारांनी सांगितले. तरी विनंती की खोके अडवल्याचा गुन्हा माझ्यावर नोंदवावा व त्यात ते ठेवून घ्यावे. डॉक्टरांवर नोंदवू नये. खोके ओलीत ठेवू नये. इथल्या कोपऱ्यातल्या भिंतीला ओल आहे, ते मी येतानाच पाहिले.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे होते. सुई-दोऱ्याच्या वाक्यापाशी माझी पत्नी बाकावरून उठून दाराशी आली व तिने हाताने थांबवले. ते वाक्य पुन्हा वाचण्यात आले. तिने मान हलवली, बराच वेळ घेतला आणि म्हणाली, "काळा."

सबब वर 'पांढरा दोरा' असे लिहिले आहे तेथे 'काळा दोरा' असे वाचावे. ही दुरुस्ती पत्नीने स्वतः तोंडी सांगितली आहे. बाकी जबाब मी सांगितला तसाच असून बरोबर आहे.