दुसरा रिमोट

पिंपरी कॅम्पात दुरुस्तीच्या दुकानापुढं रांग होती. माझ्यापुढं जुना व्हिडिओ गेम घेऊन एक काका, त्यांच्यापुढं एक तरुण.

“काका, हा टीव्हीला जोडायचा डुप्लिकेट गेम ना? वर नऊ लाख गेम लिहायचे, आत निघायचे चार.”

“चारच पुरले की भावा. कॅसेटला फुंकर मारली की चालू.”

“पण यात गेम सेव्ह होत नाही.”

“म्हणून तर पॉज करून मी सेकंड शिफ्टला जायचो. नीला फर्स्टवरनं आली की तिथनंच पुढं खेळायची.”

“काकू खेळायच्या?”

“माझ्यापेक्षा भारी.”

“मग हा दुसरा रिमोट कोराच कसा?”

“दोघं एका टायमाला घरी कधी व्हतो?”

“मग आता दुरुस्ती कशाला?”

“शनिवारी नीलापण रिटायर झाली.”