भेगेवरचा हार

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न सोपा आहे, उत्तर अवघड आहे. म्हणजे नेहमीसारखंच. वर बसलेला सगळं पाहतो, हे आपल्याला मान्य. मान्य ना? माना हलवा जरा! मग जो सगळं पाहतो, त्याला आपलं दुखणं सांगायचं की नाही? "त्याला ठाऊकच आहे, महाराज, सांगायचं कशाला?" — हे तुमचं उत्तर. पहिल्या रांगेत तर ते चेहऱ्यावरच लिहिलंय. बरं, असू दे. राहू द्या ते उत्तर जवळ, आणि चला माझ्याबरोबर. कुठे? वैकुंठात? नाही हो, इतकी घाई नको! आधी एका नगरपालिकेच्या वसाहतीत जाऊन येऊ.

तीन इमारती. पालिकेनं आपल्या कामगारांसाठी बांधलेल्या. पाणी सोडणारे, रस्ते झाडणारे, दिवाबत्ती बघणारे — अख्ख्या गावाची सोय पाहणारी माणसं तिथे राहत. आणि त्यांची सोय कोण पाहणार? पालिका! कशी? वर्षातून एकदा! डिसेंबर आला की पुढच्या वर्षाचा आराखडा तयार होई. कुठलं छत, कुठला जिना, कुठली मोरी. त्याआधी उपअभियंता चिंचोलकर साहेब येऊन पाहणी करत. साहेब लिहितील ते आराखड्यात जाई. लिहिणार नाहीत ते पुढच्या डिसेंबरची वाट बघे.

दोन नंबरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, पार्वताबाई ढेंगळे राहत. रहिवासी समितीच्या अध्यक्ष. समितीत आणखी कोण आहे हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं, पण अध्यक्ष ठाऊक होत्या! बाई कडक. कामाच्या. आणि अभिमानी. "आमच्या इमारतीची तक्रार नाही," असं त्या सांगत, तेव्हा आपण एखादं पदक बघतोय असं समोरच्याला वाटे.

आता गंमत बघा. साहेब येणार ही चिठ्ठी आठ दिवस आधी यायची. चिठ्ठी आली की पार्वताबाई पदर खोचायच्या! जिना धुवा. रांगोळ्या काढा. गळक्या नळाला चिंधी बांधा. पोपडे आलेल्या भिंतीवर कॅलेंडर लावा. छताचं पाणी पडतं तिथली बादली उचला आणि तिथे तुळशीची कुंडी ठेवा — म्हणजे पाणी पडलं तरी पुण्यच! अहो, दारी माणूस यायचा आणि त्याला फाटकं दाखवायचं? आपल्यात करतात का असं कुणी? तुम्ही करता? मग हसता कशाला!

आणि जिन्याखालचा खांब. त्याला वरपासून खालपर्यंत भेग. दरवर्षी त्या भेगेवर झेंडूचा जाड हार चढायचा. मंडळी, हारासाठी खिळा मारायला हातोडी लागत नव्हती. बोटानं दाबला की आत!

त्याच जिन्याची चौथी पायरी हलायची. पाहणीच्या दिवशी तिच्यापुढे बबनभाऊंना उभं करत. बबनभाऊ दिवाबत्ती खात्यातले, देह भरभक्कम. काम एकच — हात जोडायचे आणि म्हणायचं, "साहेब, इकडून!" इकडून म्हणजे अंगणाकडे. अंगणात पोहे.

साहेब पोहे खात. लिंबू पिळत. नमुन्यावर लिहीत: "जिना — समाधानकारक. तक्रारी — नाहीत." अकरा वर्षं! साहेब खोटं लिहीत नव्हते हो. जेवढं दिसलं तेवढं लिहीत होते. आणि पोहे खरंच समाधानकारक असत!

पण त्या वर्षी पार्वताबाईंच्या घरात वेगळंच चाललेलं. त्यांचे यजमान किसनराव, पाणीपुरवठ्यात छत्तीस वर्षं. गावाला कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी सुटणार, ते या माणसाच्या हातात. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा, सहा महिन्यांत काठीवर चालतील. शेजारचे चौघे त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यायचे. चालायला लागलेच होते! आणि एक दिवस चौथ्या पायरीनं काय आवाज केला! चौघांनी खुर्ची तिथूनच माघारी नेली. "काकू, आमचं जाऊ द्या, पण काकांना घेऊन पडलो तर?" बरोबरच होतं त्यांचं.

चार महिने झाले. किसनराव खाटेवर. जरा सुटलेली बोटं पुन्हा वळायला लागली. गॅलरीतून रस्ता दिसायचा. त्यांनी बघायचं सोडलं.

आणि पाहणीची चिठ्ठी आली!

पार्वताबाईंनी काय केलं असेल? सांगा. जिन्याची तक्रार लिहिली? छे! पदर खोचला!

किसनराव खाटेवरून म्हणाले, "अगं, यंदा तरी त्या जिन्याचं सांग साहेबांना."

"सांगते ना. आधी त्यांना बसू दे, पोहे खाऊ दे."

"अकरा वर्षं खातोय तो."

"मग काय उपाशी पाठवू? तुम्ही गप्प पडा बरं!"

गप्प पडा! दुसरं काय करणार होता तो माणूस?

तर पाहणीचा दिवस. रांगोळी, हार, बबनभाऊ — सगळं जागच्या जागी. साहेब आले. हार बघून म्हणाले, "वा, पार्वताबाई! बाकीच्या वसाहतींना तुमचा दाखला देतो मी." बाई फुलल्या. सांगायचं ओठावर आलेलं मागे गेलं. होतं ना असं? कुणी कौतुक केलं की आपलं दुखणं लाजतं.

साहेबांनी शेरा लिहिला. नमुना मिटणार, तेवढ्यात म्हणाले, "हां, यंदा एक नवीन आहे. मूळ गाळेधारकाची समक्ष सही लागते. किसनरावांना बोलवा खाली."

पार्वताबाईंच्या तोंडून काय निघावं? "आंघोळीला गेलेत!"

"थांबतो की."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. साहेबांनी दुसऱ्यांदा पोहे घेतले. अंगणात सगळी इमारत जमलेली. शेजारच्या सरूबाईंना राहवेना. कुजबुजल्या, "पार्वते, चार महिन्यांची आंघोळ आहे होय ही?"

पंधरा मिनिटांनी साहेब बशी हातात घेऊनच उठले. "असू द्या. मीच वर जाऊन सही घेतो." आणि निघाले जिन्याकडे!

बबनभाऊंनी हात जोडले. "साहेब, इकडून!"

"इकडून म्हणजे कुठून? जिना एकच आहे ना?"

"हो, पण... इकडून."

"अहो, बाजूला व्हा!"

साहेब पहिली पायरी चढले. दुसरी. पार्वताबाई बघताहेत. तिसरी. पायरी नीट दाखवली तर अकरा वर्षांचा मान जातो, नाही दाखवली तर समोर माणूस जातो! आणि वर खाटेवर आपला माणूस रोज जातोय, थोडा थोडा. तो तर आपल्याला दिसतच होता की! मंडळी, त्या एका क्षणात बाईला कळलं — हा हार आपण भेगेला नाही घातला, त्यांच्या खाटेला घातला.

"थांबा साहेब!"

हाक अशी, की साहेबांचा पाय वरच राहिला. पार्वताबाई खांबाजवळ गेल्या आणि हार ओढला. हार आला, खिळा आला, आणि त्याबरोबर सिमेंटचा हा एवढा ढलपा! थेट रांगोळीत.

"चौथीवर पाय ठेवू नका. हलते. खांबाला भेग आहे. ते आंघोळीला गेले नाहीत, चार महिने उतरलेच नाहीत. उतरवायला जिना नाही साहेब आम्हाला!"

बाई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. नुसत्या उभ्या राहिल्या, हातात हार घेऊन.

साहेब तीन पायऱ्या खाली उतरले. खांबाच्या भेगेत बोट घातलं. अर्धं बोट आत! "पार्वताबाई," साहेब म्हणाले, "दर डिसेंबरला वरचे विचारतात, आधी कुठे हात घालू? आणि मी सांगतो, या वसाहतीला गरज नाही."

"मग तुम्ही वर का नाही चढलात एकदाही?" सरूबाईंनी विचारलं. हेही बरोबर! साहेबांच्या हातात पोह्यांची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली.

आणि मग काय झालं? सगळी इमारत सुटली! "साहेब, आमच्या मोरीला बघा!" "कॅलेंडर काढा, त्यामागे बघा!" "ही कुंडी नाही साहेब, हे छत आहे!" पार्वताबाईच सगळ्यांना ओरडत होत्या, "एकेक बोला! आणि लपवाल तर माझ्याशी गाठ आहे!" अध्यक्ष त्याच, बरं का. खातं तेवढं बदललं.

साहेबांनी "समाधानकारक" खोडलं. बाजूला सही केली. सरकारी माणूस पश्चात्तापसुद्धा सहीनिशी करतो! दुसऱ्याच दिवशी खांबाला लोखंडी टेकू लागला, आणि आराखड्यात पहिल्या ओळीत दोन नंबरचा जिना चढला. खाली एक कलम पार्वताबाईंनी घालायला लावलं: महिन्यातून एकदा अभियंता आणि दोन रहिवासी मिळून प्रत्येक जिना शेवटच्या पायरीपर्यंत चढतील. न कळवता. पोहे नाहीत.

काम वेळेवर झालं? पालिका आहे, मंडळी! मार्चचं मे झालं. पण झालं. नव्या जिन्यावरून चौघांनी किसनरावांना खाली आणलं. म्हणाले, "कोपऱ्यावर न्या." कोपऱ्यावर पाण्याचा व्हॉल्व्ह. डावा हात लावून बघितला आणि ओरडले, "याला तेल कुणी घातलं नाही का? लिहून घ्या!" पार्वताबाईंनी लिहून घेतलं. अजून व्यायाम चालू आहे. काठी आणून ठेवली आहे.

तर मंडळी, पाहणं त्याचं काम आहे, पण दार उघडणं आपलं. देवापुढे उभे राहतो तेव्हा आपण काय म्हणतो? "सगळं ठीक आहे, कृपा असू दे." कशावर कृपा करायची त्यानं? ठीक आहे त्यावर? आणि देवाचं सोडा, तो समजून घेईल. माणसाचं बघा. जो जवळ आहे, हात लावून डागडुजी करू शकतो, त्यालाच आपण हसून सांगतो — बरं चाललंय. आणि विचारणाराही हुश्श म्हणतो. सुटलो! चढायला नको वर!

आता एक करायचं. आरतीला उभं राहण्याआधी शेजारच्याकडे वळा. विचारा, कसं चाललंय? "बरं," म्हणाला, तर परत विचारा. खरं काय ते सांगेपर्यंत विचारा. तोवर आरती थांबेल. देवाला घाई नाही. तबलजींना आहे, त्यांना मी सांगतो.