जावई नावाचं कार्ड

– नाही नाही, उघडा की तो कॉम्प्युटर, जावईबापू. मी कुठे हात धरलाय तुमचा? तुमच्या लग्नाला मी आले नाही, म्हणून स्क्रू काढायलाही माझी परवानगी हवी असं थोडंच आहे. काढा फोटो, विचारा तुमच्या फोनला, कुठलं कार्ड कसलं ते. नंबर दिसत नाही? चष्मा देऊ? ह्यांचा आहे – हे गेले, चष्मा अजून टेबलावरच. बरं, मीच सांगते, नाहीतर तुमचा मुक्काम पडायचा इथे. तो तळाचा मोठा हिरवा बोर्ड ना, त्या सासूबाई. ह्यांनीच ठेवलेलं नाव. सगळ्यांनी येऊन त्यांच्यातच अडकायचं, आणि त्या तापल्या की घर बंद. कोणावरून ठेवलं ते विचारू नका, मला तेव्हाच कळलं होतं. पडद्याला चित्र देतं ते कार्ड थोरल्या जाऊबाई, सगळा दिखाव्याचा कारभार. तीन गोल भोकं आहेत ते आवाजाचं – आत्याबाई, गप्प म्हणून बसायच्या नाहीत.

आणि ते कडेचं? मोडेम. इंटरनेटसाठी फोनची वायर लागायची त्याला. त्याचं नाव जावई – हसताय काय, तुमच्यावरूनच ठेवलंय. तुम्ही आमच्या मुलीला घेऊन गेलात, त्याच वर्षी आणलं. आल्या आल्या घरचा फोन अडवून बसलं, आणि एक शब्द बोलण्याआधी केवढी किरकिर. दुपारचं जेवण झालं की हे आत जाऊन बसायचे. मला सांगायचे, बुद्धिबळ खेळतो. बुद्धिबळ! वजीर गेला म्हणून कोणी डोळे पुसत बाहेर येतं का हो? मी आपली दाराशी भाजी निवडत – सहज, तिथे उजेड चांगला येतो म्हणून. किरकिर थांबली की समजायचं, लाइन लागली, पलीकडे पोरगी आहे, बरी आहे. मग मी भाजी उचलून आत. विचारायचं? मी का विचारू? तिने विचारलं का कधी, आई कशी आहे म्हणून? विचारलंही असेल. हे कसले सांगतात.

न्या, सगळं न्या. तिला बाबांचा कॉम्प्युटर हवाय आणि न्यायला आलात तुम्ही. तिचे पाय दुखतात वाटतं जिने चढून – काय? खाली? गाडीत बसलीये?

मघापासून?

द्या ते कार्ड इकडे. द्या म्हणते ना. सासूबाई न्या, जाऊबाई न्या, आत्याबाईंना तर आधी न्या. हे जावई राहतील इथेच. हवे असतील तर तिने स्वतः वर येऊन माझ्याकडे मागायचे. जा, सांगा तिला. बघत काय बसलात, निघा – आणि जाताना दार ओढून घेऊ नका.