सदतिसावा फोटो

आजच्या सोहळ्याच्या अध्यक्षा आणि आपल्या वाचनालयाचा कणा असलेल्या माननीय सुमनबाई कोठुळे, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती श्री. रावजी निमसे, म्हणजे आपले सगळ्यांचे अण्णा, त्यांची कन्या सरिता, आणि वीज गेलेली असूनही जागचे न हललेल्या माझ्या नाशिकरोडकर बंधू-भगिनींनो!

मी मल्हारी गायधनी, स्टेशनजवळचा फोटोवाला. आयुष्यभर लोकांना 'हलू नका, बोलू नका' सांगत आलो, आणि आज मलाच बोलायला उभं केलंय. आयोजकांच्या धाडसाचं कौतुक करावं तेवढं थोडंच!

तेरा वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली अण्णा पहिल्यांदा दुकानात आले. तेव्हा ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. बोटांना ग्रीस आणि गळ्यात कुणाकडून तरी घेतलेला जुना कॅमेरा. रोल धुतला आणि मी घाबरलोच. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत पेरूचं झाड आणि कंपाउंडची भिंत! म्हटलं, "साहेब, कॅमेरा बिघडलाय. माणूस कुठंच येत नाहीये." अण्णा म्हणाले, "माणूस कशाला? शिंजीर पाखरू बघा की!" भिंग लावलं, तेव्हा फांदीच्या टोकाला मोहरीएवढं काहीतरी काळं दिसलं. आता तुम्हीच सांगा, याला छंद म्हणायचं की वेड?

पण चिकाटी म्हणाल तर अण्णांचीच! वर्षभरात त्या मोहरीचा वाटाणा झाला, मग चोच दिसायला लागली, मग डोळा. आज या प्रदर्शनाच्या भिंतींवर बुलबुल, सातभाई, शिंपी सगळे हजर आहेत. यासाठी हा माणूस कुठल्या जंगलात गेला नाही. मागच्या दाराच्या पायरीवर बसला, एवढंच.

तरुण मंडळींसाठी एक गोष्ट सांगायला हवी. डिजिटल कॅमेरे येण्याआधी छत्तीस फोटोंचा रोल असायचा. नीट भरला तर शेवटी आणखी एक फोटो निघायचा, सदतिसावा. त्याचा भरवसा नसे. रोलचं टोक कापताना उजेड लागायचा आणि तो फोटो कधी अर्धा, कधी पुरता जळायचा. म्हणून पाखरासाठी तो कुणी ठेवत नसे. अण्णा हाक मारायचे, "वत्सला, बाहेर ये गं, रोल संपवायचाय!" वत्सलावहिनी पिठाच्या हातानंच दारात यायच्या. खटका वाजला की परत चुलीपुढं.

फोटो न्यायला मात्र वहिनी यायच्या. भाजीची पिशवी काउंटरवर ठेवायच्या आणि विचारायच्या, "मल्हारीभाऊ, झाली का पाखरं छापून? माझा हाय का एखादा?" मी म्हणायचो, "वहिनी, तुमचा जळाला." त्या हसायच्या. "जाऊ द्या. आमचं तोंड काय, रोजचंच हाय!"

मंडळी, खरं सांगू? सगळे जळत नव्हते. कडेचा फोटो छापायचा नाही, हा माझ्या दुकानाचा नियम. मी निगेटिव्हचं टोक धड बघायचोसुद्धा नाही. 'जळाला' म्हणणं सोपं होतं, म्हणून म्हणायचो.

अध्यक्षबाई, तुमची चिठ्ठी पोचली. दोनच मिनिटं द्या.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. हार घालायला फोटो हवा म्हणून सरितानं घर पालथं घातलं आणि शेवटी पासबुकावरचा फोटो घेऊन आली. मी तो मोठा करून दिला. पदर कानावर ओढलेला, डोळे भेदरलेले. अण्णांनी फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि मला विचारलं, "मल्हारी, ही कोण रे?"

त्या दिवसापासून कॅमेरा कपाटात आहे. अण्णा मला म्हणाले, "अकरा वर्षं दारातली पाखरं टिपली, अन् घरातलं माणूस राहून गेलं. आता तिचा चेहरा आठवायला जातो, तर पासबुकच पुढं येतं." या सत्कारालाही ते नाहीच म्हणत होते. सरितानं अक्षरशः पाया पडून त्यांना आणलंय.

प्रदर्शनासाठी सरितानं निगेटिव्हचा डबा माझ्या हवाली केला. मोठे फोटो काढायचे म्हणून एकेक पट्टी दिव्यासमोर धरली, आणि अहो, पट्टीच्या टोकाला वहिनी! दुसरी धरली, पुन्हा वहिनी. सूप हातात घेतलेल्या. 'पुरे आता' म्हणून रागावलेल्या. मातीच्या परळात पाखरांसाठी पाणी ओतणाऱ्या. केस पांढरे होत गेले, हसू तेवढंच राहिलं. मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि रडलो, यात लाज कसली?

हा अल्बम, अण्णा. हे पहिलं पान. चष्मा पुसा आधी. दयाळ जवळून मिळत नाही म्हणून तुम्ही पूर्ण रोल घालवला होता, आठवतंय? मग वैतागून वहिनींना हाक मारलीत. त्यांच्या मागं नळावर बघा. हाताच्या अंतरावर दयाळ बसलाय, शेपटी वर करून! तुम्हाला तो दिसला नाही, कारण तेव्हा तुम्ही पाखराकडं बघतच नव्हता.

सभागृहानं इतकं शांतपणे ऐकलं, वाचनालयानं हा योग आणला, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर आपण मोठ्या मनानं पोटात घालाल. अण्णा, तुमच्याकडं मात्र खरोखरची क्षमा मागतो. आणि वहिनींना अकरा वर्षं खोटं उत्तर दिलं, ते आज चार माणसांसमोर दुरुस्त करतो.

वहिनी, तुमचा आहे. एखादा नाही, एक्केचाळीस आहेत.