सरांचे दोन्ही हात वर

तुम्ही म्हणता ना वं, मी कोणावरच भरोसा ठेवत नाही? ती सवय मले विमान शिकवणाऱ्या सरांनी लावली.

हवेत गप्पा मारता मारता सर गुपचूप थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची दांडी, मागं ओढत अन् म्हणत, "इंजिन बंद पडलं, आता काय करशील?" मग मी उतरायले शेत शोधायची अन् नुसतं तोंडानं 'मेडे, मेडे' अशी संकटाची हाक द्यायची. सरावात रेडिओचं बटन दाबायचं नसते, नाही तर टॉवरवाले खरं समजतात. जमीन जवळ आली की सर पुन्हा थ्रॉटल देत.

एक दिवस कामठीच्या पुढे इंजिन गप्प झालं. मी आरामात शेत निवडलं अन् तोंडानं मेडे म्हटलं.

"बटन दाब," सर म्हणाले.

"मले फसवून राहिले का, सर?"

"अवं, मी काही केलं नाही." त्यांनी दोन्ही हात वर केले. गुडघ्यानं तर थ्रॉटल दाबून ठेवला नाही ना, म्हणून मी त्यांचे गुडघेही पाहून घेतले. शेवटी बटन त्यांनीच दाबलं.

जमीन जवळ आली तरी सर थ्रॉटल देईनात. आज जास्तच ताणून राहिले, असं मले वाटलं. हरभरा काढलेल्या शेतात विमान ढेकळांवर आदळत थांबलं. सर घामानं भिजले होते. अॅक्टिंग पक्की होती.

मी म्हटलं, "उतरवलं ना, सर? आता करा चालू."