मन्मथअप्पांचा कम्प्युटर निजत नाही

आता निजवलं तर निजावं का नाही? तुम्हीच सांगा! बैल निजतो, म्हैस निजते, सत्काराची भाषणं सुरू झाली की अख्खा मांडव निजतो... पण गेवराईच्या मन्मथअप्पांचा कम्प्युटर? छे! निजवा की उठतोय, निजवा की उठतोय! तुम्हाला सांगतो, तान्हं लेकरू परवडलं, त्याला बाळघुटी तरी चाटवता येते. ह्याला काय चाटवणार?

आणि मन्मथअप्पांचं वय का होतं आता असली लेकरं निजवायचं? हायवेला बी-बियाण्याचं दुकान, मागं घर, सरकी नुसती चिमटीत धरून किती उगवंल ते सांगणारा माणूस! त्यांच्या पोरानं, वीरेशनं, पुण्याहून हे धूड एस्टीच्या टपावर घालून आणलं, काउंटरवर मांडलं, भिंतीतून वायरी ओढल्या, फोनची वायरही ह्याच्यातच खुपसली, आणि बंगळूरला ट्रेनिंगला निघताना म्हणाला, "अप्पा, बंद करायचा न्हाई. काम झालं की नुसता निजवायचा." का? ते नाही सांगितलं. शिकलेल्या पोरांचं हे असं असतं, हुकूम सोडतात आणि गाडी पकडतात.

बरं, निजवला. पडदा काळा झाला, आतला पंखा गप झाला, अप्पांनी अडकित्ता हातात घेतला... आणि घर्रर्र! उठला की हो! नुसता उठला असता तर म्हणलं असतं बस बाबा, पण हा उठून किंचाळला! कींऽऽऽ खर्रर्र टिंव टिंव कींऽऽ! समोरच्या हॉटेलात चहा पिणाऱ्या वाळूच्या गाडीवाल्याला वाटलं धाडच पडली. त्यानं बशी सोडली, आणि बशी जमिनीला लागायच्या आत तो शहागडच्या पुलावर होता म्हणतात! इकडं अप्पांनी झेप घेतली आणि प्लग उपटला.

एरवी अप्पांनी हेही सोसलं असतं हो, पण दिवस कसले? ईश्वरीला, म्हणजे अप्पांच्या पोरीला, परळीची मंडळी बघून गेलेली. पोरगा संगमेश्वर, बँकेत नोकरी, आणि मुख्य म्हणजे पोह्यांची बशी देताना ईश्वरीनं कधी नव्हे ते मान वर करून बघितलेलं! आधीची सगळी स्थळं तिनंच मोडलेली. हे एक तिला हवं होतं, आणि नेमका ह्यांचाच होकार येत नव्हता. पोरगी पायरीवर बसून रस्त्याकडं बघायची, अप्पा पोरीकडं बघायचे, आणि मागून कींऽऽऽ!

"अपशकुन हाय हो ह्यो," अप्पांची बायको शिवकांताबाई म्हणायच्या. "पोरीचं ठरंना, आन ह्ये मेलं गळा काढतंय!" त्यांनी पडद्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. निजवला... उठला! फरक इतकाच पडला, की आता तो कपाळाला विभूती लावून किंचाळायला लागला.

मग विलासला बोलावलं. विलास मागच्या गल्लीत कम्प्युटरचा क्लास चालवायचा. त्यानं खुर्ची ओढली, 'हं' म्हणाला, पुन्हा 'हं' म्हणाला. "अप्पा, माऊस हालला की ह्ये उठतंय. समोरून वाळूच्या गाड्या जातेत का न्हाई? काउंटर थरथरतंय, माऊस हालतोय." पटलं! अप्पांनी माऊस उताणा केला, कापसात गुंडाळला, वरून सुतळी बांधली. निजवा की उठतोय!

"मग व्हायरस असंल, अप्पा."

"त्यो कुठून आला बे?"

"बाहेरून येतोय."

अप्पांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं. निजवा की उठतोय!

"मग अर्थिंग," विलास म्हणाला. अर्थिंगच्या खड्ड्यात अप्पांनी इतकं मीठ ओतलं की शिवकांताबाईंची आमटी अळणी झाली. निजवा की... आता अप्पांनाच झोप नव्हती. डोळे चिंचोक्यासारखे झालेले, गिऱ्हाईक सरकी मागतंय आणि अप्पा मका देतायत!

तुम्ही म्हणाल, वीरेशला एक फोन लावायचा की! अहो, तिथंच तर मेख होती. गल्लीत फोन एकट्या अप्पांकडं. सगळ्या गल्लीनं तोच नंबर पी.पी. म्हणून गावोगाव वाटलेला. दिवसभर एकच, "अप्पा, जरा शेजारच्या पारूबाईला बोलवता का? मी धरतो." धरतो! हा तिकडं धरतोय आणि अप्पा इकडं धोतर सावरत पळतायत! शेवटी अप्पांनी गल्लीत सांगून टाकलं, "लाईन मेली," आणि फोन गोधडीत गुंडाळून आतल्या कोठीत, ज्वारीच्या कणगीमागं कोंबला. आता मेलेल्या फोनवर बोलताना पारूबाईनं ऐकलं म्हणजे? आणि परळीकरांचं म्हणाल तर, छे हो, होकार काय फोनवर देतात? मध्यस्थ यावा, उंबऱ्यावर साखर ठेवावी, तो होकार! अप्पांच्या घराण्यात आजवर होकार वायरीतून आला नव्हता.

आला एकदाचा मध्यस्थ. त्रिंबक. दुपारची वेळ, विलास कम्प्युटरपुढं 'हं' म्हणत बसलेला, आणि त्रिंबकच्या हातात साखर नाही.

"मन्मथअप्पा, तुमच्या घरात चाललंय तरी काय?" तो उभ्यानंच म्हणाला. "परळीवाले फोन करकरून दमले! लावला की कुनीतरी किंचाळतंय, आन फोन बंद! पोराच्या आई इचारतेत, घरात कुनाच्या अंगात येतंय का?"

"किंचाळतंय? कसं किंचाळतंय?"

त्रिंबकनं ते पाठ करून आणलेलं. डोळे मिटले, मान वर केली, "कींऽऽऽ खर्रर्र टिंव टिंव..." ईश्वरी पाणी घेऊन येत होती, तिच्या हातात तांब्या हिंदकळला. आणि देवाशपथ सांगतो, काउंटरवरून त्याला जबाब आला! घर्रर्र! कींऽऽऽ! अप्पांचा हात सवयीनं प्लगकडं गेला...

"थांबा, अप्पा!" विलास पडद्यावरची अक्षरं वाचून ओरडला. "फोन आलाय फोन! वीरेशनं ह्याला फॅक्स घ्यायला लावून ठेवलंय. फोन वाजला की ह्ये उठतंय, आन समोर फॅक्स हाय समजून आरडतंय!"

म्हणजे? म्हणजे इतके दिवस परळीचे पाहुणे दार वाजवत होते, आणि अप्पा प्लग उपटून त्यांच्या तोंडावर दार लावत होते!

अप्पा कोठीकडं पळाले. कणगी आडवी, ज्वारी पायाखाली, गोधडीला गाठ, गाठ सुटेना, दातानं सोडली! रिसीव्हर कानाला लावला आणि ओरडले, "उपट आता!" विलासनं प्लग उपटला. किंचाळणं थांबलं. पलीकडून जपून जपून आवाज आला, संगमेश्वरच्या वडलांचा.

"कोन? मानूस हाय का?"

"मानूस हाय! मन्मथ हाय मी!"

"आवो, आमी पयल्याच दिवशी होकार द्यायला फोन केलता! ते किंचाळनं आयकून आमाला वाटलं, पोरगीच आरडतीय, तिच्या मनात न्हाई. पुन्यांदा लावला, पुन्यांदा तेच. मग आमची ही म्हनली, आवाजच तसा असंल पोरीचा."

"मग?" अप्पांनी विचारलं. ईश्वरी कोठीच्या दारात येऊन उभी.

"मग काय, पोराच्याच हातात फोन दिला. त्यानं समदं आयकून घेतलं आन म्हनला, तरी चालंल."

तरी चालंल! शिवकांताबाईंनी स्वतःच डब्यातली साखर काढून त्रिंबकच्या हातावर ठेवली, म्हणाल्या, "द्या आता तुमीच आमाला." ईश्वरी लाजली वगैरे काही नाही. "बरं झालं," म्हणाली, "आता तिथं मी खरंच आरडले तर कुनाला बोलाय जागा न्हाई."

अप्पा ज्वारीतच बसले. "धन्य त्या पोराची," म्हणाले, "एवढं आयकून हो म्हनला."

शिवकांताबाई सुपानं ज्वारी भरता भरता म्हणाल्या, "माझ्या बापाकडं बी असलं यंत्र पायजे हुतं. तुमी तरी पळून गेला असता."

  अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले, दुकानात आले आणि गप पडलेल्या कम्प्युटरला म्हणाले, "ऊठ बे. तूच बोल हिच्याशी."