बिदाईत धरलेली कंबर

नाही नाही, खुर्ची नको, उभाच बोलतो! बसलो का उठता येत नाही, उठलो का... जाऊ द्या. तुम्हाले सांगतो, अख्ख्या प्रताप नगरात बोभाटा आहे का मुग्धाच्या बिदाईत तिच्या बापाचं काळीज फाटलं. काळीज नाही गा, कंबर! कंबर गेली माही!

एकुलती एक पोरगी, जावई पुण्याचा. लग्नाच्या आधी गाद्या उचल, कूलर सरकव, साखरेचं पोतं जिन्यावर चढव... आमची गोपिका ओरडून राहिली, "अहो, घरात एवढे पोट्टे आहेत, तुम्ही काहून उचलता?" काहून म्हणजे? रिकामा बसलो का पोरगी जाऊन राहिली हेच आठवे, म्हणून उचलत होतो!

मंग बिदाई. गाडी हॉलच्या दारात. मुग्धा पाया पडाले वाकली. म्हटलं, उठवून छातीशी धरतो पोरीले. वाकलो... अन् कट्! तसाच अडकलो! ना खाली, ना वर! बायका लागल्या रडाले. माहे साळे मारोतराव पाठ थोपटून राहिले, "सावरा, कृष्णकांतजी, सावरा!" अहो, थोपटू नका गा! दर थापेले डोळ्यापुढं काजवे! तोंडातून निघालं "आई गंऽऽ", तर मारोतराव लोकांले सांगतात, "पाहा, आईची आठवण आली त्याइले!" काळीज नाही गा, कंबर!

अन् मले काय दिसून राहिलं? पोरीचे पाय. फक्त पाय. मेंदी, नवे जोडवे... वरून आवाज आला, "बाबा, जाऊ ना?" मी फरशीकडं पाहत म्हटलं, "हो बेटा, जा." पाय जरासे थांबले... अन् वळले. कशीबशी मान वर केली, तर दिसला गाडीचा नंबर!

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. "काका, काम काय करता?" लकडगंजात प्लायवूडचं दुकान, दिवसभर गल्ल्यावर. "व्यायाम?" गल्ला उघडतो, बंद करतो. "सिगारेट?" मी गोपिकेकडं पाह्यलं... "झोप? टेन्शन?" अरे बापा, पोरीचं लग्न होतं! तर तो म्हणते, "वाढलेलं पोट, बसून बसून ढिले पडलेले स्नायू, सिगारेट, जागरण, चिंता... त्यात गुडघे न वाकवता कंबरेतून वजन उचललं. बिदाई निमित्त झाली, काका. ही कंबर कित्येक वर्षांपासून बिघडून राहिली होती." म्हटलं, मंग आधी धराची ना! नेमकी त्याच मिनिटाले? म्हणते, "पडून राहू नका, चालत राहा." चालतो ना. तिच्या खोलीपर्यंत जातो, वापस येतो.

काल तिचा फोन. "बाबा, कंबर कशी आहे?" म्हटलं, मस्त! तर म्हणते, "निघताना मी तुमचं तोंडच नाही पाह्यलं हो... नुसतं टक्कल दिसलं." हसाले गेली अन् रडाले लागली. मी म्हटलं, "काहून रडतं वं? आता येशील ना, तर पाया नको पडू. उभ्या उभ्या भेटू." म्हणते, "सुट्टी पाहून सांगते, बाबा."

पाहून सांग म्हटलं... काय करता! डॉक्टर म्हणते, गोळ्या अन् चालण्यानं कंबर होईन बरी. म्हणजे मंग पंचाईतच! आता लोकं विचारतात, "कुठं दुखून राहिलं?" तर कंबरेवर हात तरी ठेवता येते.